सतराचा पाढा, तोंड मिटून

मला सतराचा पाढा येतो, पण मधूनच सुरू करता येत नाही. सतरा चोक किती, असं कुणी विचारलं की मला सतरा एकेपासून निघावं लागतं, आणि निघालो की ओठ हलतात. शाळेत आमच्या बाईंनी पाढे इतक्या मोठ्यांदा म्हणून घेतले की ते डोक्यात न शिरता जिभेवरच राहिले. चाळिशी उलटेपर्यंत कुणाची त्याला हरकत नव्हती.

मग युट्रेख्ट या डच शहरातल्या आमच्या ऑफिसात साहेबांनी एक दिवस मला बाजूला घेतलं. आमची टीम दुसऱ्या देशात हलणार होती. इथे मॅनेजरची एकच जागा उरणार होती आणि ती मला मिळणार होती, पण प्रवेशपरीक्षा देऊन एका बिझनेस स्कूलच्या अर्धवेळ कोर्सला प्रवेश मिळाला तरच. प्रवेश नाही तर नोकरी नाही, नोकरी नाही तर इथे राहायचं परमिट नाही. माझी मुलगी डचमध्ये भांडते आणि मराठी फक्त ऐकते. तिला उचलून पुण्यातल्या कुठल्या वर्गात बसवायचं? बायकोला मी यातलं काही बोललो नाही. ऑफिसची एक परीक्षा आहे, सोपी आहे, एवढंच सांगितलं.

शिकवणी लावली ती बुइटनव्हेल्डर्ट या उपनगरात राहणाऱ्या एका मराठी मुलीकडे. नवऱ्याच्या मागोमाग इथे आली आणि आता ती अशा परीक्षांची तयारी करून घेते, एका वेळी एकाच विद्यार्थ्याची. वयाने माझ्याहून बरीच लहान. मी तिला मॅडम म्हणायचो, ती मला दादा. पहिल्याच दिवशी तिने लॅपटॉपवर सरावाचा पेपर लावून दिला आणि पेपर सोडून माझ्या तोंडाकडेच बघत बसली. मला वाटलं दाताला कोथिंबीर चिकटलीय. मी हळूच जीभ फिरवून घेतली.

"दादा, कुणाशी बोलताय?"

"कुणाशीच नाही."

"मग ओठ कसले हलतायत?"

मग तिने परीक्षेचे नियम सांगितले. परीक्षा घरून द्यायची असते. कुठेतरी बसलेलं एक माणूस कॅमेऱ्यातून सतत बघत असतं. खोलीत दुसरं कुणी नको, आवाज नको, पुटपुटणं नको. एकदा ताकीद मिळते, दुसऱ्यांदा पेपरच बंद. आणि गणिताला कॅल्क्युलेटर नाही. मांडून गुणाकार करून पाहिले, तर अर्धा पेपर शिल्लक असताना वेळ संपली.

लोक शिकवणीत तर्कशास्त्र शिकतात, मी तोंड मिटायला शिकलो. मॅडम माझ्या ओठांत लवंग धरायला लावायच्या. लवंग पडली की गणित पुन्हा पहिल्यापासून. घरचा अभ्यास म्हणून येता-जाता ट्रेनच्या सायलेंट डब्यात बसून मनातल्या मनात पाढे म्हणायचे, आणि कुणी मान वर करून पाहिलं तर आपण नापास. पहिल्याच दिवशी समोरच्या डच आजींनी पुस्तक मिटलं आणि खिडकीवरच्या 'शांतता' या शब्दावर बोट ठेवलं. मी एवढा घाबरलो की माझं स्टेशन आलं नव्हतं तरी उतरून गेलो.

शेवटी मॅडमनीच तोड काढली. "तुमचा पाढा तालात आहे ना? मग ताल पायात घाला." तेव्हापासून मी उजव्या पायाच्या अंगठ्याने पाढे म्हणू लागलो. जमायला लागलं.

परीक्षा शनिवारी सकाळी होती. मी वरच्या खोलीचं दार लावलं, कॅमेऱ्याला चारही भिंती दाखवल्या. सुरुवात बरी झाली. मग सतराचा गुणाकार आला आणि भीतीने अंगठा विसरलो. ओठ हलले. स्क्रीन पांढरा झाला आणि कॅमेऱ्यातून बघणाऱ्या बाईंचा आवाज आला. खोलीत कोण आहे? कुणाशी बोलताय?

पाढ्याला इंग्रजीत टेबल म्हणतात हे मला माहीत होतं, म्हणून मी प्रामाणिकपणे सांगितलं की कुणी नाही, मी माझं टेबल म्हणतोय. मग बाई म्हणाल्या, टेबल दाखवा. मी लॅपटॉप उचलून टेबल दाखवलं. खालून दाखवा. खालून दाखवलं. तिथे माझा पाय होता आणि मोज्याच्या भोकातून अंगठा बाहेर आला होता. तिथे काय लपवलंय, असं त्या विचारू लागल्या. मी रडकुंडीला येऊन म्हटलं, गणिताचं टेबल हो, शाळेतलं. मग म्हणून दाखवा, असा हुकूम झाला.

मी उभा राहिलो. का, ते माहीत नाही. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एकावन्न, सतरा चोक अडुसष्ट, सतरा पाचा पंच्याऐंशी. सतरा सक. सतरा सक.

पुढे काहीच येईना. आणि तेवढ्यात दाराबाहेरचा जिना करकरला. बायको वर आली होती. लग्न झाल्यापासून माझं प्रत्येक अडलेलं वाक्य तिने पुरं केलं आहे. माणसांची नावं, सामानाची नावं, सगळं. दाराबाहेरून एक शब्द आला असता तर पेपर, जागा, परमिट, सगळं तिथेच संपलं असतं. मी दाराकडे बघायचंही टाळलं.

बाहेरून काही आलं नाही. पुरे, असं बाई म्हणाल्या. ही ताकीद आहे, यापुढे आवाज आला तर पेपर बंद. उरलेला पेपर मी दात आवळून आणि अंगठा आपटून सोडवला. शेवटी गुण स्क्रीनवर आले. जेमतेम होते, पण बिझनेस स्कूलला हवे होते तेवढे.

दार उघडलं तर बायको वरच्या पायरीवर बसली होती, तोंडात ओढणीचा बोळा कोंबून. तिने तो बाहेर काढला.

"एकशे दोन," ती म्हणाली. "सतरा सक एकशे दोन. जीव जात होता माझा."

मी हसायला लागलो, पण ती हसली नाही. ओढणी पिळत तिने विचारलं, "राहतोय ना आपण इथे?"

म्हणजे तिला माहीत होतं. कधीपासून, ते विचारायला मी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. होकारार्थी मान हलवली.