आईचं मत

सदतीस सालच्या थंडीत आमच्या घराला तीन मतं मिळाली. बाबांना फौजेच्या पेन्शनीमुळे, मला लिहितावाचता येत होतं म्हणून, आणि आईला बाबांची बायको म्हणून. मतदारयादीसाठी तिचा अर्ज बाबांनीच भरला. आपल्या बाजूला दोन मतं पडतील, अशी त्यांची खात्री होती.

बाबा चौदा सालच्या लढाईत बसऱ्याला जाऊन आलेले हवालदार. साठी उलटली तरी रोज दाढी करत, आणि सरकारविरुद्ध कोणी बोललं की ताठ होऊन बसत. मी विधवा होऊन माहेरी परतलेली, मांडव्याजवळच्या आमच्याच गावात मुलींना शिकवणारी, आणि पुरती स्वराज्यवाली. संध्याकाळी ओटीवर वालाच्या शेंगा सोलताना आमची जुंपायची.

"तुझे ते टोपीवाले राज्य चालवणार?" बाबा म्हणायचे. "आगगाडी कोणी आणली? पोस्ट कोणी आणलं?"

"आणि सारा कोण नेतं, बाबा?"

आई ऐकत असायची. एके दिवशी तिने सूप बाजूला ठेवलं. "दोघंबी बोलताय झ्याक. पन आपली खांड कोन बुजवनार, ते न्हाय सांगत कोनी."

मागल्या पावसात खाडीच्या बांधाला मोठं भगदाड पडलं होतं. त्यालाच आम्ही खांड म्हणतो. भरतीचं खारं पाणी आत शिरून आमचं आणि शेजारच्या दहा घरांचं भात करपलं होतं.

आठवड्याभरात आम्हा स्वराज्यवाल्यांचा उमेदवार देवळापुढे सभा घ्यायला आला. तालुक्याचा वकील, पांढरी टोपी, आवाज खणखणीत. आई म्हणाली, "मी येते." बाबाही आले, पण काठी टेकून पार मागे उभे राहिले. टाळ्या वाजवून माझे हात लाल झाले. भाषण संपलं आणि बायकांतून आई उठली. पुरुषांपुढे ती जन्मात कधी बोलली नव्हती.

"भाऊ, आमची खांड कोन बुजवनार?"

माणसं हसली. तेवढ्यात मागून कवायतीच्या मैदानावरचा आवाज आला.

"हसता काय? तिला उत्तर द्या."

बाबा होते. वकिलांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, "आधी मला ती दाखवा, बाई."

दुसऱ्या दिवशी ओहोटीला ते खरोखर आले. धोतर खोचून गुडघाभर चिखलात उतरले. पुढे आई, मागे काठीने लांबी मोजत बाबा, आणि त्यांच्यामागे अर्धा गाव. दगड कुठला घालावा यावर बाबा त्यांच्याशी तासभर भांडले आणि खुशीत घरी आले. मग त्यांनी आपल्या उमेदवाराला, रावसाहेबांना, पत्र धाडलं. त्यांचा कारकून टांग्यातून आला आणि रस्त्यावरूनच बांध बघून गेला.

मतदानाला आम्ही तिघं बैलगाडीतून गेलो. आईने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. ती आत गेली ती लवकर येईना. बाहेर बाबांच्या येरझारा, आणि मलाही एका जागी उभं राहवेना. शेवटी ती आली, चेहरा नुसता फुललेला.

"कोणाला दिलंस?" आम्ही दोघांनी एकदमच विचारलं.

"आतल्या साहेबाचा हुकूम हाय," ती म्हणाली, "कोनाला सांगायचं न्हाय."

साहेबाचा हुकूम म्हटल्यावर बाबा सवयीने ताठ उभे राहिले. मी हसत सुटले, आणि गाडीत बसल्यावर तेही हसले.

वकील निवडून आले. बांधासाठी दोन वर्षं अर्ज करावे लागले. पैसे आले तेही निम्मेच, बाकीची माती गावाने घमेल्यांनी वाहिली. बाबा काठी घेऊन बांधावर उभे, कोणाची टोपी कसली आहे हे न पाहता सगळ्यांवर ओरडत होते.

त्यांची मतं बदलली नाहीत, माझीही नाहीत. पण पुढे ते रोज मला वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला लावायचे आणि दर दोन ओळींना थांबवून त्यात चूक काढायचे. शाळेतून घरी येताना माझी पावलं त्यासाठी भरभर पडत. आई मध्येच विचारी, "म्हंजे काय ते नीट सांगा," आणि मग आम्हा दोघांनाही नीट सांगावं लागे.