गुळावाचूनचा चिबूड

चर्चची मयताची घंटा वाजू लागली तेव्हा मी पानमळ्याला पाणी सोडत होतो. आमच्या आळीतल्या हिंदूंनाही ती घंटा ओळखता येते. सणाची वेगळी, लग्नाची वेगळी आणि ही वेगळी. माझा शेजारी बस्त्याव कित्येक दिवस अंथरुणाला खिळून होता, तेव्हा कोणाचा निरोप येण्याची मी वाट पाहिली नाही. पाट बंद केला, हातपाय धुतले आणि आमच्या दोन वाड्यांमधल्या बांधावरून त्याच्या घरी गेलो. कातरीनवहिनी, म्हणजे त्याची पत्नी, ओटीवर बसल्या होत्या. मला पाहून त्या एवढेच म्हणाल्या, "वामनभावजी, वेलांना पानी द्यायचं राह्यलंय." मी मागे गेलो आणि त्याने थंडीत लावलेल्या चिबडांच्या आळ्यांना पाणी दिले. माझ्या मित्राला मी वाहिलेली श्रद्धांजली तेवढीच. शब्दांची श्रद्धांजली इतरांनी वाहिली आणि चुकीची वाहिली, म्हणून मला हे लिहावे लागत आहे.

महिन्याच्या मिस्सेनंतर, म्हणजे मयताच्या महिन्याने चर्चमध्ये होणाऱ्या प्रार्थनेनंतर, जी भाषणे झाली ती मी पहिल्या बाकावर बसून ऐकली. त्यांचा सारांश असा की, बस्त्यावचा प्रसिद्ध चिबूड त्याच्या उकिरड्यावर आपोआप उगवला आणि एका साध्याभोळ्या वाडीवाल्याला देवाने ते दान दिले. पुढे या वर्तमानपत्राच्या याच पुरवणीत तसेच छापूनही आले. ज्यांनी ते लिहिले त्यांच्या हेतूबद्दल माझी तक्रार नाही. त्यांच्या माहितीबद्दल आहे. बस्त्याव साधा नव्हता आणि भोळा तर मुळीच नव्हता. देवावर त्याची श्रद्धा माझ्या श्रद्धेहून अधिक होती, परंतु आपले काम त्याने देवाच्या अंगावर कधी ढकलले नाही.

ज्यांनी आमचा जुना चिबूड खाल्लेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पिकलेला चिबूड घरात आणला की शेजारच्या घराला कळते, असा त्याचा वास. पण कापून तोंडात घालावा तर पिठूळ, पाणचट, निव्वळ गर. गूळ घातल्याशिवाय तो घशाखाली उतरत नसे. "चिबूड नाकानं खायचा नि गूळ तोंडानं," असे आमच्याकडची म्हातारी माणसे म्हणत आणि त्यात त्यांना काही उणे वाटत नसे. बस्त्यावला वाटले. आम्ही ऐन तिशीत होतो. बांधावर बसून एकाच ताटलीतला चिबूड खाताना त्याने गुळाची वाटी उचलून पलीकडे ठेवली आणि म्हणाला, "वामना, ह्या वाटीचं काम काढून घ्यायचं." मी हसलो. पुढची कितीतरी वर्षे मी हसतच होतो, हे मला नाकारायचे नाही. त्याने माझ्या हसण्याकडे कधी लक्ष दिले नाही, हेही तितकेच खरे.

बाजारातले खरबूज गोड होते, पण आमच्या दमट, खाऱ्या वाऱ्यात त्याचा वेल टिकत नसे आणि वासाच्या बाबतीत ते आमच्या चिबडाच्या पासंगालाही पुरत नसे. या दोघांचा संकर करायचा असे त्याने ठरवले. दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी तो आदल्या संध्याकाळी हेरत असे. पाकळ्यांखाली इवलासा गोळा धरलेली, म्हणजे फळ होऊ शकणारी कळी. सोनाराकडून आणलेल्या चिमट्याने ती उघडायची, आतली पिवळी केसरे एकेक करून उपटायची आणि वर कागदाची टोपी चढवायची. हा कागद गोखिवऱ्याच्या एका छोट्या कारखान्यात उरलेली कातरण असे; सायकलवरून तो तिचा गठ्ठा घेऊन येई. सकाळी मधमाश्या यायच्या आत खरबुजाचे नर फूल तोडून, त्याच्या पाकळ्या काढून, त्याचा पराग त्या कळीत टेकवायचा आणि पुन्हा टोपी. नांगराच्या मुठीने घट्टे पडलेली ती बोटे त्या फुलात ज्या हलकेपणाने जात, ते पाहताना माझ्यासारख्या वादप्रिय माणसाचेही तोंड बंद होत असे... मी देवळात पुष्कळदा उभा राहिलो आहे, पण श्वास रोखून उभा राहिलो तो त्या आळ्यांशी.

संकराची पहिली फळे सारखीच निघाली, काकडीहून थोडी बरी. त्यांच्या बियांपासून झालेल्या पुढल्या हंगामात मात्र अनर्थ झाला. एका वेलाचे फळ कडू, दुसऱ्याचे आंबट, तिसऱ्याचे मेणासारखे, चौथ्याला रॉकेलसारखा दर्प. सारी आळी हसली. त्या उन्हाळ्यात बस्त्याव मला भेटला तो नाचायचाच बाकी होता. "सगळी येगळी लागतात, वामना! म्हंजे आत सगळं हाय. आता निसतं येचायचं." एवढ्या मोठ्या अपयशात ज्याला धान्याचे कोठार दिसते, त्या माणसाला भोळा म्हणणाऱ्यांनी आपली विशेषणे तपासून पाहावीत. त्यानंतर वर्षामागून वर्षे त्याने वेचण्यात घातली. हंगामात त्याची जीभ बिघडू नये म्हणून सुके मासे बंद, तंबाखू बंद, सणाला पेलाही बंद. कातरीनवहिनी म्हणत, "देवाचा उपासकाळ ईस्टरला सुटतो, यांचा पावसाळ्याशिवाय सुटत नाय."

आता उकिरड्याच्या कथेकडे येतो. एका वर्षी एका वेलावर त्याने फूल झाकून धरलेले एकच फळ वाढले. त्याचा रंग, जाळी आणि वास पाहून बस्त्यावने देठाला लाल दोरा बांधला. दोरा म्हणजे हे बियाण्याचे, याला कोणी हात लावायचा नाही. थोड्याच दिवसांत मर रोगाने तो वेल गेला. फळ तेवढे राहिले. पारिशच्या, म्हणजे इथल्या धर्मग्रामाच्या, सणाला पहिल्या पिकातले फळ वेदीवर अर्पण करायचे, मिस्सेनंतर बाहेर त्याचा लिलाव करायचा आणि पैसा चर्चला द्यायचा, अशी आमच्याकडची रीत आहे. सणाच्या सकाळी कातरीनवहिनींनी तो दोरा सोडला आणि तेच फळ टोपलीत घातले. त्यांना दोऱ्याचा अर्थ कळत नव्हता असे आळीत काहीजण सांगतात. साफ चूक! अर्थ कळत होता म्हणूनच त्यांनी ते घेतले. "देवाला काय उरलंसुरलं द्यायचं?" हे त्यांचे शब्द मी स्वतः ऐकले आहेत. घेणारा आळीतलाच असेल, बिया मागून आणता येतील, असा त्यांचा हिशेब होता.

तो हिशेब एका पाहुण्याने मोडला. अर्पण करणाऱ्याने आपल्याच वस्तूवर बोली लावायची नाही, हीही रीतच. म्हणून बस्त्यावने मला कोपराने ढोसले आणि मी बोली लावू लागलो. परंतु आळीतल्या एका घरचा जावई, नव्यानेच आचोळ्याला फ्लॅट घेतलेला, सासरच्या मंडळींसमोर इरेला पेटला आणि फळ घेऊन मोकळा झाला. बरे, घेऊन घरी जावे ना! त्याने कोणाचा तरी कोयता मागितला आणि तिथेच मंडपात कापून वाटायला सुरुवात केली. "घ्या, सगळ्यांनी घ्या! एकदम मस्त आहे, शुगर आहे नुसती!" माझ्याही हातात एक फोड आली, वहिनींच्याही आली. बस्त्यावने घेतली नाही. लोक खात होते, बिया थुंकत होते, आजूबाजूला दुसरेही चिबूड कापले जात होते, आणि हा माणूस सणाच्या पांढऱ्या सदऱ्यानिशी गुडघ्यांवर बसून, कोंबड्या पोचायच्या आत, मातीतून बिया वेचत होता. कोणीतरी ओरडले, "काय रे बस्त्याव, लिलाव संपला म्हनून उष्टं गोळा करतो काय?" त्याने मान वर न करता सांगितले, "उष्टं तुझं, बी माझं." मीही त्याच्या शेजारी बसलो. उकिरडा म्हणतात तो हा.

घरी जाऊन तो वहिनींना एक शब्दही बोलला नाही आणि ते न बोलणे त्यांना फार लागले. पुढच्या हंगामात त्याने त्या मिसळलेल्या बियांतली प्रत्येक बी वेगळ्या आळ्यात लावली. जुन्या चिबडाचे वेल पानांवरून ओळखू येताच काढून टाकले. उरलेले सारे त्या हरवलेल्या फळाचे वंशज, पण एकाचे दुसऱ्यासारखे नाही. "आय एक, पोरं येगळी," तो म्हणाला. फळे पिकली तेव्हा त्याने वहिनींना आणि मला चाखायला बसवले, कारण मूळ फळ आम्ही दोघांनी खाल्ले होते, त्याने नाही. विहिरीकडच्या एका वेलाची फोड तोंडात घातली आणि मी उठून उभा राहिलो. तीच गोडी! वहिनींच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागले. "हाच तो," त्या म्हणाल्या. "देवानं परत दिला."

बस्त्यावने फोड चाखली, मग उरलेली नाकाशी धरली आणि म्हणाला, "याची बी धरायची नाय."

"अहो, पन हाच तो!"

"तो असंल. म्हनून चांगला झाला काय?"

आणि त्याने पलीकडच्या दुसऱ्याच एका वेलाकडे बोट दाखवले. मी भांडलो. पाऊस लागेपर्यंत आम्ही बांधाच्या दोन बाजूंना उभे राहून भांडत होतो. मी म्हणे, गोडी बघ, तो म्हणे, "गोड तर गूळ पन हाय. ह्याला आपन आतूनच गूळ घातलाय. वास कुठं गेला त्याचा?" आपण निवडलेल्या वेलाविषयी तो एवढेच म्हणाला की त्याचा वास जिभेवर उतरतो. तोच वेल पुढे बस्त्यावचा चिबूड झाला, वसई-विरारच्या बाजारात लोक नाव घेऊन मागू लागले तो. तेव्हा हरवलेला चिबूड परत सापडला, ही आळीत सांगितली जाणारी कथाही खोटी आहे. सापडलेला त्याने नाकारला. ज्याच्यासाठी तो धुळीत बसला, ते हाती आल्यावर याहून चांगले आहे म्हणून बाजूला सारणारा माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिलेला नाही. आणि माझे मतही नोंदवून ठेवतो: गोडीला पहिलाच सरस होता. मी ते मत बदललेले नाही. बस्त्यावलाही ते ठाऊक होते, म्हणून अखेर माझ्यापुरती थोडी बी धरून विहिरीकडची दोन आळी तो दरवर्षी त्या वेलासाठी राखून ठेवी, आणि ती फळे माझ्या घरी पाठवी.

माझ्या या मताने अखेर घोटाळा केला. त्याचा मुलगा सॅवियो मुंबईत नोकरी करतो, गुणी मुलगा आहे. मिस्सेच्या दिवशी जेवण झाल्यावर तो आईच्या देखत मला म्हणाला, "काका, पप्पांनी ते मम्मीसाठी केलं. तिला गिल्ट राहू नये म्हणून. तिच्या हातून गेलं ते काही खास नव्हतं, असं दाखवलं. ॲक्च्युअली तो पहिलाच बेस्ट होता ना? तुम्हीच तर सांगता."

"तुझ्या बापाने जिभेने कधी लबाडी केली नाही," मी म्हणालो. आवाज चढला होता.

"लबाडी नाही काका, प्रेम."

वहिनी ताटे उचलता उचलता थांबल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे होते ते मला रात्रंदिवस छळत राहिले. माझ्यासाठी या माणसाने जन्मभर कमी प्रतीचे बियाणे लावले काय... हा प्रश्न त्यांनी विचारला नाही, पण तो त्या घरात येऊन बसला.

मागच्या आठवड्यात त्यांनी मला बोलावणे पाठवले. बस्त्यावने लावलेले वेल पिकले होते. स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत, जिथे पिकू घातलेली फळे गवतावर मांडलेली असतात, तिथे त्यांनी पाट मांडला होता. दोन फळे होती, एक विहिरीकडचे, एक त्याच्या निवडीचे. सॅवियोला त्यांनी मुद्दाम उंबऱ्यात उभे केले होते. चूळ भरून त्या खाली बसल्या, दोन्ही फळे कापली आणि आधी विहिरीकडची फोड खाल्ली. सावकाश. मग पाणी प्यायल्या आणि दुसरी घेतली. ती तोंडात घेऊन त्यांनी डोळे मिटले. मी त्यांच्याकडे पाहत होतो आणि मला वाटते, इतके घाबरून मी कोणत्याही निवाड्याची वाट पाहिलेली नाही.

"मम्मी, काय?" सॅवियो म्हणाला.

बस्त्यावच्या निवडीच्या फळाचा बियांभोवतीचा मगज त्यांनी बोटांनी हलकेच काढला, एकही बी खाली पडू न देता वाडग्यात घेतला, बी धरताना बस्त्याव करी तसे त्यात पाणी घातले आणि वाडगा पदराआड धरावा तसा जवळ ओढला. मग विहिरीकडचे उरलेले सारे फळ, बियांसकट, माझ्या ताटलीत लोटले.

"हा तुम्ही खा, भावजी," त्या म्हणाल्या, आणि कितीतरी दिवसांनी हसल्या. "तुम्हांला गोड आवडतं."

खोलीभर दुसऱ्या फळाचा वास कोंदला होता. मी माझ्या ताटलीतले फळ शेवटच्या फोडीपर्यंत खाल्ले. गोड होते.