बाळशावर न भाळणाऱ्या सिस्टर

गुटगुटीत बाळ दिसलं की मोठ्या सिस्टरना राग यायचा. कौतुक नाही, राग. परळच्या त्या इस्पितळात माझी सई तीन महिन्यांची असताना दाखल झाली, तेव्हाच मी हे पाहिलं.

सईच्या हृदयाला मोठं भोक होतं. गरजेपेक्षा जास्त रक्त फुप्फुसांत जायचं, पोर दूध ओढतानाच घामाघूम व्हायची. डॉक्टरांनी फुप्फुसांकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला फीत आवळून ते कमी केलं. घरी सोडताना सिस्टरांनी माझा दंड धरला. "आता ही बाळसं धरेल. भुलू नकोस. पोर वाढते, फीत वाढत नाही, आवळत जाते. दुसरं ऑपरेशन सांगितल्या तारखेला म्हणजे तारखेला."

मालवणी बाई, जीभ फटकळ. तपासणीला जाताना डबा नेला तर म्हणाल्या, "लाडू नको माका, पोरीक दाखव."

सईने खरंच बाळसं धरलं. लालबागला आमच्या मजल्यावर सगळे म्हणायचे, हिला कसला आलाय आजार? तारीख संक्रांतीच्या आधीची होती. सासूबाई म्हणाल्या, "पहिलं बोरन्हाण होऊ दे, मग कापाकापी." खोटं कशाला बोलू, मलाही हलव्याच्या दागिन्यांतला तिचा फोटो हवा होता. सिस्टरांचे फोन आले, मी उचलले नाहीत. बोरन्हाण झालं, मग तिला सर्दी, मग दिराचं लग्न. ओठ निळे पडायला लागले तेव्हा धावलो. ऑपरेशन झालं. सई वाचली नाही.

तिला पुसून, फ्रॉक घालून सिस्टरांनी माझ्या मांडीवर दिली.

काही महिन्यांनी सईचे कागद आणायला इस्पितळात गेले. वरळीची एक आई गुबगुबीत मुलगा कडेवर घेऊन तारीख पुढे ढकला म्हणून विनवत होती. आधी जावळ काढायचंय म्हणे. सिस्टरांनी मला पाहिलं आणि सरळ बोट दाखवलं. "माझं ऐकू नकोस. हिला विचार, हिने काय केलं ते."

भर वॉर्डात. सिस्टरांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली मला. पण ती आई माझ्याकडे बघत राहिली आणि मी सगळं सांगितलं. तिने तारीख बदलली नाही.

गेल्या वर्षी सिस्टर निवृत्त झाल्या. जाताना मला न विचारता माझा नंबर वॉर्डात ठेवून गेल्या. एखादी आई ऐकत नसली की तिथून बोलावणं येतं. सिस्टरांना मी माफ केलेलं नाही. त्यांच्या नावाने शिव्या देत चप्पल घालते आणि जाते.