अंगणवाडीतलं गाऱ्हाणं

आमच्या वाडीतल्या अंगणवाडीच्या बाई पोरांवर कधी ओरडत नाहीत. काही सांडलं, फुटलं की पदर खोचून एवढंच विचारतात, "मुद्दाम केलंस की चुकान झाला?" चुकून झालं असेल तर देवळात सगळ्यांच्या वतीने देवाला विनवणाऱ्या गावकऱ्याच्या थाटात त्या गाऱ्हाणं घालतात आणि सगळी पोरं मागून 'व्हय म्हाराजा' म्हणत साथ देतात.

परवा मी लेकीला आणायला गेले, तेव्हा नेमकं तिच्या हातून खिचडीचं ताट पालथं झालं. बाई काही विचारायच्या आधीच तिने दोन्ही हातांनी गाल झाकले.

"माका मारू नको, मी परत करूचंय नाय!"

घरी माझा हात उठला की ती अगदी असंच म्हणते. दारातच माझे पाय थबकले. बाईंनी मला पाहिलं, पण त्या बोलल्या देवाशीच.

"बा देवा म्हाराजा, ह्या चेडवान खिचडी मुद्दाम सांडूक नाय!"

"व्हय म्हाराजा!"

"हिच्या मनातली माराची भीती दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज माझ्या लेकीचा होता. हसत हसत ती वळली, तिला मी दिसले, आणि तिचे हात पुन्हा गालांवर गेले.