रहिवास नाही

मला सांगलीत दिली ती नदी बघून. आटपाडीकडच्या आमच्या गावात एका घागरीपायी सकाळ जायची, आणि इथे परटाच्या घरी सून म्हणून आले तर दारातून चार पायऱ्या उतरलं की कृष्णा. सुरुवातीला मी काम नसतानाही पाण्याला जाऊन यायचे. दहावी पास पोरगी धुणं बडवायला कशी आली, असं वस्तीतल्या बायका चिडवायच्या. मी म्हणायचे, पाण्यासाठी आले, नवऱ्यासाठी नाही. नवराही हसायचा.

वस्ती अकरा घरांची. निम्मी परटांची, बाकी नावाडी आणि कुंभार. संस्थानच्या काळात कुणीतरी 'इथे राहा आणि धुवा' म्हटलं होतं, एवढाच आमचा हक्क, आणि तोही तोंडी. मी आले त्याआधीच वरच्या टोकाला एक सरकारी कचेरी झाली होती. मग शेजारी दुसरी आली, मागून साहेबलोकांची क्वार्टर्स आली. नव्वदनंतरच्या त्या दोन-तीन वर्षांत त्या सगळ्यांचे कपडे आमच्याकडे यायचे आणि आम्ही खूश होतो. आपल्याला उठवायला आलेल्यांच्या कॉलरी आपणच खळ घालून ताठ करतोय, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

एक दिवस निरोप आला, मोजणीचे साहेब येणार. वस्तीच्या जागी आणखी कचेऱ्या व्हायच्या होत्या. ज्याचं राहतं घर यादीत लागेल त्याला गावाबाहेर प्लॉट मिळणार होता. सासरे हरखले. लग्नात पायघड्या अंथरायचा मान परटाचा, तोच थाट त्यांनी साहेबासाठी करायचं ठरवलं. खाटा, स्टोव्ह, भांडी, माझी ट्रंक, सगळं कुंभाराच्या छपरात नेऊन ठेवलं. घर सारवलं आणि रस्त्यापासून आतल्या भिंतीपर्यंत पांढरीशुभ्र धोतरं अंथरली. आत उरलं काय, तर इस्त्रीचं टेबल आणि कपड्यांची गाठोडी. साहेबांनी बूट काढले, पायघड्यांवरून आत आले, शेजारून आलेला चहा घेतला, वहीत काहीतरी लिहिलं आणि गेले.

"बूट काढलं सायबानं," सासरे संध्याकाळपर्यंत दिसेल त्याला सांगत होते. "माणूस लय चांगला हाय."

आमच्या घरात एक नियम होता. कपडे भिजवण्याआधी खिसे रिकामे करायचे, निघेल ते कोनाड्यात ठेवायचं आणि कपड्यांबरोबर परत द्यायचं. निरखायचं नाही, आणि वाचायचं तर मुळीच नाही. त्याच भरवशावर लोक आपले कपडे आमच्या हाती सोडतात, असं सासऱ्यांचं म्हणणं.

आठवड्याभराने त्याच साहेबांच्या शर्टातून घडी घातलेला कागद निघाला. मी वाचला. कोनाड्यापर्यंत जायला सहा पावलं होती, तेवढ्यात वाचून झाला. वस्तीतली अकरा घरं ओळीने होती. दहा घरांपुढे 'राहते घर', आमच्यापुढे 'रहिवास नाही, धुण्याचे ठिकाण'. खाली लिहिलं होतं की हरकत असल्यास महिनाअखेरपर्यंत कळवावी.

"मामंजी," मी धावत जाऊन म्हटलं, "आपुन हितं ऱ्हातच न्हाई असं लिवलंय. घर रिकामं दिसलं त्यास्नी. उद्याच कचेरीत जावा."

सासऱ्यांनी हातातलं कापड खाली ठेवलं. "तुला कसं कळलं?"

मी कागद पुढे केला. त्यांनी हात लावला नाही.

"खिशातलं वाचलंस?" घर जाणार याहून त्यांना तेच लागलं. "आन् कचेरीत काय सांगू? सायेब, तुमचा खिसा बघितला म्हनून? उद्या कोन कापड दील आपल्याला?"

मी नवऱ्याकडे बघितलं. तो इस्त्रीत कोळसे भरत राहिला. मला त्या दोघांचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. सासऱ्यांनी कपड्यांची घडी माझ्या हातात दिली, कागद वर ठेवायला लावला आणि पोचवून यायला सांगितलं.

क्वार्टरच्या दारात साहेबच होते. कागद बघून चपापले. "वाचलास काय गं?"

एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य वाटभर घोळवत मी आले होते. पण त्या इस्त्रीच्या कपड्यांकडे बघितलं आणि तोंडातून निघालं, "मला वाचाया येत न्हाई, सायेब."

"बरं झालं," म्हणून त्यांनी दार लावलं.

पावसाळ्याआधी दहा घरांतली माणसं प्लॉटवर गेली आणि त्यांची घरं पाडली गेली. आमचं 'धुण्याचं ठिकाण' तेवढं क्वार्टर्सच्या सोयीसाठी ठेवलं. नवऱ्याने नंतर अर्ज केला, मुदत संपल्याचं उत्तर आलं. रहिवास नाही म्हणून विजेचं मीटर मिळेना, आणि प्लॉट नाही म्हणून जायला जागा नाही. मग सगळ्याभोवती भिंत आली. ती आमच्या पायऱ्यांवरूनच गेली. पलीकडे नदी ऐकू यायची, आणि तिथे पोचायला धुणं डोक्यावर घेऊन फाटकातून अख्खा वळसा. फाटकावर वॉचमन आणि नोंदवही. पहिल्याच दिवशी मी पेनाला हात घातला तर त्याने शाईचं पॅड सरकवलं. "वैनी, तुमी अंगठा. सायेब बोलल्यात, परटाच्या सुनंला लिवता येत न्हाई." मागे सासरे उभे होते. मी अंगठा दिला. मग रोजच दिला, जाताना आणि येताना, माझ्या राहत्या घरात शिरायला.

साहेबांची बदली झाली. सासरे दशक सरता सरता गेले. तेराव्यानंतर मी पुन्हा धुणं घेऊन निघाले तर फाटकावर नवा वॉचमन होता. त्याला कशातलं काही माहीत नव्हतं. त्याने वही उघडून पेन पुढे केलं. "ताई, सही करा."

आता अडवणारं कुणी नव्हतं. मी पेन घेतलं, टोक कागदाला टेकवलंही. पण सही केली असती तर त्या दिवशी दारात मी खोटं बोलले आणि माझ्या जिभेने घर घालवलं, हे मला रोज दोनदा माझ्याच अक्षरात दिसलं असतं.

"मला लिवाया येत न्हाई," मी म्हटलं.

त्याने टेबलाचा खण उघडला आणि पॅड शोधून माझ्यापुढे ठेवलं.