लाल गाडी आणि झऱ्याचं पाणी

नुहादचं इस्त्रीचं दुकान आमच्या घराच्या बरोबर खाली आहे. सकाळी तिच्या इस्त्रीची वाफ फुसफुसायला लागली की मी कॉफी ठेवते. आमच्या ऐन झहर गावात तिच्याइतकी कडक कॉलर कुणी करत नाही, आणि तिच्याइतका दीर्घ राग कुणी धरत नाही. दोन्ही गोष्टींना चटका लागतो, असं तीच म्हणते.

तिचा नवरा कैसर न्हावी होता. सगळी हयात लोकांच्या दाढ्या करून त्याने एकच चैन केली: दोन माणसांची, उघड्या टपाची, जुनी इटालियन लाल गाडी. रविवारी तो ती पुसायचा, खोलायचा आणि नुहाद बाजूला उभी राहून पाने-पकडी हातात द्यायची. गाडी दुरुस्तीचं त्याला वेड होतं, पण हात हलका नव्हता. चार स्क्रू काढले की तीनच परत बसत.

त्याच्या थोरल्या भावाचं, तन्नूसचं, गावात रंगांचं मोठं दुकान आहे. मुलाच्या नावावरून गाव त्याला अबू नाजी, म्हणजे नाजीचा बाप, म्हणतं. त्याच्याकडेही एक जुनी गाडी आहे, काळी, लांबलचक, चर्चच्या दारात उभी केली तर निम्मं दार झाकणारी. तन्नूसच्या थोरल्या मुलीच्या लग्नात नवरीला न्यायचा मान कैसरच्या लाल गाडीला मिळाला. ऑगस्टचं ऊन, गावातून चर्चपर्यंतचा चढ आणि मागे हॉर्न वाजवत येणारी सगळी वरात. नवरीच्या गाडीला कुणी ओलांडायचं नसतं आणि नवरीच्या गाडीने घाई करायची नसते. त्या गोगलगाईच्या चालीने लाल गाडी तापली आणि शेवटच्या वळणाच्या भिंतीपाशी बॉनेटमधून वाफेचा लोट उठला. गंजाचं तांबडं पाणी नवरीच्या झग्यावर उडालं.

तन्नूस उतरला. सगळ्यांच्या देखत बॉनेटवर थाप मारून म्हणाला, "गाडी कसली, किटली आहे! न्हाव्याला दाढीच्या गरम पाण्याची सोय झाली!"

लोक हसले. नवरी काळ्या गाडीत जाऊन बसली. त्या दिवसापासून कैसर 'किटली' झाला. दुकानात बसलेली गिऱ्हाईकंसुद्धा म्हणायची, "किटली, जरा कानाजवळ सांभाळून." कैसरने गाडी शेडमध्ये ढकलली, वर ताडपत्री टाकली आणि मग कधी तिच्याकडे पाहिलं नाही.

तो वारला तेव्हा सांत्वनाच्या खोलीत कडू कॉफीचे पेले फिरत होते. आम्ही बायका एका भिंतीला, पुरुष दुसऱ्या. तन्नूस मधल्या खुर्चीवर होता. कुणीतरी म्हणालं, देव त्याला वर घेवो. तन्नूस म्हणाला, "घेईल, घेईल. फक्त चढावर वाफ यायला नको."

पुरुष मान खाली घालून हसले. मी नुहादकडे पाहिलं. तिने कॉफीचा पेला खाली ठेवला, रुमालाची घडी घातली, ती मोडली आणि पुन्हा घातली. घरी परतताना मला म्हणाली, "लोरिस, हे नाव ज्याने ठेवलं, त्यानेच ते आपल्या तोंडाने काढायचं. सगळ्यांच्या समोर. त्याआधी मी मरणार नाही."

वसंत लागला तशी तिने ताडपत्री काढली.

मी म्हटलं, "मेकॅनिक बोलाव."

"मेकॅनिक तन्नूसकडून रंग घेतो. संध्याकाळपर्यंत गावभर होईल."

मग दुकान बंद करून ती रोज शेडमध्ये जायची. मी स्टुलावर बसून विणायचे आणि ती सांगेल ते धरायचे. बॉनेटखाली काय नव्हतं! तेलाने माखलेली धूळ, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, फुगलेल्या रबरी नळ्या. तिने रेडिएटरची खालची तोटी सोडली तेव्हा बादलीत चहासारखं पाणी आलं आणि मग मध्येच थांबलं. तिने तार घातली. तार अडली.

नळीचं तोंड तिने उघडून पाहिलं आणि आत बोट फिरवलं. मग मला बोलावलं. "बोट लाव."

आत खरखरीत पांढरा थर होता. मी म्हटलं, "हा तर चुना."

"माझ्या इस्त्रीच्या बॉयलरमध्ये हाच थर बसतो. दर महिन्याला लिंबूसत्व घालून मी तो काढते." ती हसली, पण ते हसू चांगलं नव्हतं. "झऱ्याचं पाणी, लोरिस. कैसर डबे भरभरून आणायचा. आपल्या झऱ्याच्या पाण्यासारखं पाणी नाही म्हणायचा, गाडीलासुद्धा तेच."

तसं तर सगळं गावच म्हणतं. संत शमूनीच्या झऱ्याचं पाणी आम्ही आजाऱ्याला पाजतो, बाळाला लावतो आणि गाडीतही ओततो. डोंगर चुनखडीचा आहे, हे कोण लक्षात घेतो?

"आणि तन्नूस कोणतं पाणी घालतो?" मी विचारलं.

"तेच," नुहाद म्हणाली. "दर रविवारी. चर्चमधून सुटला की दोन बाटल्या. मी त्याला कितीदा पाहिलंय."

त्यानंतर तिची कामाची रीतच बदलली. आधी ती दात ओठ खाऊन काम करायची. आता गुणगुणायला लागली. रेडिएटर काढून तिने लिंबूसत्वाच्या कोमट पाण्यात भिजवला, मग उलट्या बाजूने होजपाइप लावून धुतला. पुन्हा भिजवला, पुन्हा धुतला, पाणी स्वच्छ येईपर्यंत. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की उघडणारी झडप, माझ्या चुलीवर, माझ्याच पातेल्यात उकळून पाहिला. पाणी उकळलं, पण तो उघडेना.

"मेलेला आहे," ती म्हणाली. पातेलं मी टाकून दिलं.

नवा थर्मोस्टॅट, नवा वॉटरपंप आणि नव्या नळ्या तिने शहरातून आणल्या. जुन्या भंगारातून एक विजेवर चालणारा पंखा आणून तिने रेडिएटरच्या पुढे बसवला, म्हणजे गाडी हळू चालली तरी वारा लागत राहील. सगळी इंजिनाची जागा रॉकेल आणि दात घासायच्या ब्रशने घासून काढली. वायरींना नवी पट्टी गुंडाळली. झऱ्याचा एक थेंबही आत गेला नाही. औषधाच्या दुकानातलं शुद्ध पाणी आणि कूलंट. शेवटी गाडीचं नाक वर करून चढावर उभी केली, टोपण उघडं ठेवून इंजिन चालू केलं आणि आतली हवा बुडबुड्यांनी बाहेर पडेपर्यंत ती तिथेच वाकून उभी राहिली. एकही स्क्रू उरला नाही.

तन्नूसच्या धाकट्या मुलीचं, मिरेयचं, लग्न ऑगस्टमध्येच ठरलं. मिरेयचा काकावर जीव होता. ती आपणहून आली. "काकू, गाडी सुरू झालीय असं ऐकलं. मला तिच्यातूनच जायचंय."

"तुझे बाबा?"

"ते हसतात."

तन्नूस स्वतःच आला हसायला. शेडच्या दारात उभा राहून म्हणाला, "नुहाद, पोरीला किटलीतून नेणार म्हणे?"

"तिची इच्छा आहे, अबू नाजी. तुम्ही नको म्हणत असाल तर नको."

"छे, छे! ने की. मी मागेच असेन. बंद पडली की पोरीला माझ्या गाडीत घेईन. तसं आधी केलेलंच आहे."

"मागेच राहा," नुहाद म्हणाली. "अगदी मागे."

लग्नाच्या दिवशी मी तिसऱ्या गाडीत होते, म्हणून सगळं दिसलं. पुढे लाल गाडी, मागे तन्नूसची काळी. बायका जीभ हलवून आनंदाच्या किलकाऱ्या देत होत्या, खिडक्यांतून तांदूळ उडत होते. चढ लागला आणि नुहादने पहिला गिअर टाकला आणि तो सोडलाच नाही. पायी चालणारी पोरं आम्हाला मागे टाकून जात होती. तन्नूस हॉर्न देत होता. आधी लग्नाचे हॉर्न, मग रागाचे.

मिरेय नंतर मला सांगत होती. ती म्हणाली, "काकू, थोडं जोरात घ्या ना." नुहाद म्हणाली, "नवरीने घाई केली तर सासर लवकर कंटाळतं. बस शांत."

अर्ध्या चढावर काळ्या गाडीच्या नाकातून वाफेची बारीक रेघ निघाली. आमच्या गाडीचा ड्रायव्हर म्हणाला, "तापतेय. थांबवेल आता." तन्नूसने थांबवली नाही. थांबला असता तर नवरीच्या मागची जागा आम्हाला गेली असती, आणि बापाची जागा तो कुणाला देणार नव्हता. वाफेचा लोट झाला. मग मागच्या नळीतून दाट पांढरा धूर यायला लागला. तरी तो रेटतच राहिला. शेवटच्या वळणाच्या भिंतीपाशी आतून धातू घासल्यासारखा आवाज आला आणि गाडी आडवी होऊन थांबली. अरुंद रस्ता बंद.

आम्ही सगळे उतरून पायीच चढलो, बायका उंच टाचांच्या चपला हातात घेऊन. तन्नूस सगळ्यात मागे होता.

वर चर्चच्या दारात मिरेय रडकुंडीला आली होती. "काकू, बाबा राहिले!"

"येतील. पाय आहेत त्यांना."

लाल गाडी तिच्या शेजारी फिरता पंखा घेऊन शांत उभी होती. तन्नूस आला तेव्हा त्याचा शर्ट तांबड्या पाण्याने भिजलेला होता. कुणीतरी हळूच "किटली" म्हणालं आणि हशा पिकला. नुहाद हसली नाही. तिला लोकांचं हसू नको होतं, त्याचं तोंड हवं होतं.

ऑलिव्ह तोडायच्या दिवसांत, शरदात, तन्नूस तिच्या दुकानात आला. मी कपडे न्यायला गेले होते.

"नुहाद, मेकॅनिककडे मला जायचं नाही. तो आणि त्याची पोरं आता मला काय म्हणतात... तुला माहीत आहे. झऱ्याच्या पाण्याचा आत चुना बसतो, असं मिरेय म्हणत होती. तू ते धुणंबिणं कसं केलंस? माझी गाडी बघशील?"

"बघीन."

"किती घेशील?"

"पैसे नकोत. कैसरबद्दल दोनदा बोललात, वरातीत आणि त्याच्या मैताला. ते परत घ्यायचं. रविवारी, प्रार्थनेनंतर, चौकात."

"इथेच म्हणतो ना."

"इथे लोरिस एकटी आहे. ती तेव्हाही हसली नव्हती."

रविवारी तो बोलला. टोपी हातात घेऊन, कानाच्या पाळ्या लाल. "माझ्या भावाची गाडी वाईट नव्हती. पाणी वाईट होतं. मी त्याला नाव ठेवलं, त्याच्या मैतालाही बोललो. चुकलं माझं."

चौकात गडबड उडाली, पण कैसरसाठी नव्हे. "संत शमूनीचं पाणी वाईट? असं म्हणतो हा!" फादरही रागाने लाल झाले. नुहादने त्यातलं काही ऐकलं नाही. ती भिंतीला टेकली होती, डोळे मिटून.

मग ती तन्नूसच्या अंगणात गेली. बॉनेट उघडलं, तेल मोजायची पट्टी ओढून काढली. पट्टीवर दूध घातलेल्या कॉफीसारखा फेस होता. तो तिने तन्नूसच्या नाकासमोर धरला.

"तेलात पाणी मिसळलंय. इंजिन तडकलंय, अबू नाजी. आता धुऊन उपयोग नाही. भंगारवाल्याला बोलवा."

घरी येताना मी विचारलं, "हे तुला कधी कळलं?"

"चढावर. आरशात पांढरा धूर दिसला तेव्हाच."

"मग त्याला चौकात उभं करण्याआधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तो बोलला असता?"

तिने दुकानाची फळी वर केली, इस्त्री लावली, आणि ढिगातला पहिला शर्ट उचलला.