ऊन घेऊन बसलेले मामा

मामा गेल्याचा फोन मामीनंच केला. आवाज नेहमीचाच होता. "बाई, तुझे मामा गेले," म्हणाली, आणि मी काही बोलायच्या आत, "येताना स्वेटर घालून ये, इथं लय थंडी आहे." सौसरहून पांढुर्ण्याच्या बसमध्ये बसल्यावर माझ्या लक्षात आलं, की अंगातला स्वेटर मामांनीच विणलेला आहे. मग मात्र मला रडू आवरेना. शेजारच्या अनोळखी बाईंनी काही न विचारता मला खिडकीची जागा दिली. त्याला आता दीड महिना झाला.

मधुकरमामा माझ्या आईचे धाकटे भाऊ. पांढुर्ण्यात सरकारी कचेरीत बाबू होते. लहानपणी झाडावरून पडून त्यांचा पाय मोडला आणि ते तीन महिने खाटेवर होते. आईला तेव्हा शाळेत विणकामाचा तास असे आणि ते तिला मुळीच जमत नसे. ती सुया भावाच्या हातात कोंबायची आणि खेळायला पळायची. वर्षअखेरी आईला विणकामात पहिला नंबर मिळाला, बक्षीस म्हणून पितळेचा डबाही मिळाला. त्या डब्यावरून मामांनी तिला जन्मभर छळलं. पाय बरा झाला, सुया मात्र हातातून सुटल्या नाहीत.

नवरा विणकाम करतो हे लग्नानंतर मामीला कळलं, तेव्हा तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लोकांना काय सांगू, हा तिचा एकच प्रश्न. शेवटी विणायचं तर मागच्या अंगणात, असं ठरलं. आमच्याकडे मराठी घरातही अर्धी बोली हिंदी. लोकरीला लोकर कोणी म्हणत नाही, ऊनच म्हणतात. मामांनी याचा पुरेपूर फायदा घेतला. हिवाळ्यात अंगणात बसलेले असताना फाटकातून कोणी विचारलं, "काय करून राहिले मधुकरराव?" की सुया गोधडीखाली आणि उत्तर तयार, "काई नाई, ऊन घेऊन बसलो." आपण खोटं बोललो नाही याचं त्यांना मोठं समाधान. ते ऊन आणायचं काम माझं. पांढुर्ण्यात घेतलं तर गावभर होईल, म्हणून मी सौसरच्या बाजारातून घ्यायची आणि पिशवीत संत्र्यांच्या खाली घालून न्यायची.

एका वर्षी त्यांनी मामीसाठी बिनबाह्यांचा स्वेटर मनावर घेतला. अंगासरशी बसणारा, पुढेमागे वेण्यांची वीण असलेला. वेण्या घालताना तीन-चार टाके बाजूला धरावे लागतात, त्यासाठी सायकलच्या चाकाची तार घासून घासून त्यांनी तिसरी सुई केली. मामी माप द्यायला उभी राहीना, म्हणून दोरीवर वाळत घातलेल्या पोलक्यावरून माप घेतलं आणि साध्या विणीचा तुकडा विणून त्यावरून टाके मोजले. घोळ तिथंच झाला. वेणीत टाके एकमेकांना ओलांडून जातात आणि कापड आखडतं, हे हिशेबात धरायचं राहिलं. जवळजवळ पुरी झालेली पाठ त्यांनी माझ्यासमोर धरली आणि गंभीरपणे म्हणाले, "हा मांजरीले होईन." आणि हसत हसत सगळी उसवली. चिडले मी. ते दुसऱ्याच दिवशी पुन्हा टाके घालून बसले होते.

त्या दिवसांत मामीची पाठ धरली होती. मामा तिच्या पाठीला मलम चोळायला बसले आणि चोळता चोळता वीत टाकत गेले. मी तिथंच शेंगा सोलत होते. मामीनं उशीतून विचारलं, "मालिश करून राहिले का माप घेऊन राहिले?" मामा म्हणाले, "दोन्ही." मला वाटलं आता मामी भडकणार. ती नुसती अंग सरळ करून निजली.

स्वेटर असा बसला, की शिंप्यानंही तोंडात बोट घालावं. कमरेकडे दर सहा ओळींनी दोन्ही कडांचा एकेक टाका कमी केलेला, वर छातीकडे तसाच वाढवत नेलेला, मुंढ्यांना बारीक काठ. मामी तो अंगावेगळा करायला तयार नव्हती. समोरच्या काकूंनी विचारलं तेव्हा मात्र तिनं बेधडक सांगितलं, "माझ्या इंदूरच्या बहिणीनं विणला." मग काय, काकूंनाही तसाच हवा झाला. मामांनी तोही विणला, हिरवा, इंदूरच्या नावावर. पुढे ती बहीण खरोखरच पांढुर्ण्याला आली आणि काकू सुया घेऊन शिकायला हजर. त्या बहिणीला साधं बटण लावता येत नाही. डोळ्याच्या ऑपरेशनपासून विणकाम सोडलं, असं सांगून तिनं कसाबसा जीव सोडवून घेतला. मामा आतल्या खोलीत हसून हसून बेजार.

पण हसण्यामागे त्यांना ते लागत होतं. एकदा मला म्हणाले, "मले कौतुक नको गं. तिनं फक्त एकदा नाव घ्यावं." मामी त्यांचं नाव कधीच घेत नसे. तिच्यासाठी ते नेहमी 'हे'. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. मी मामीशी यावरून भांडलेही. घेईन कधीतरी, म्हणाली… आणि ते राहून गेलं. ऐकायचं ज्यांनी होतं ते गेले. मला याचा फार राग आला होता, मामीचा आणि माझाही.

तेरवीला बाया माजघरात बसल्या होत्या. थंडी होती, मामीच्या अंगात तोच स्वेटर. समोरच्या काकू तिच्या पाठीवरून हात फिरवत इंदूरच्या मावशींना, मामीच्या त्याच बहिणीला, म्हणाल्या, इतक्या वर्षांत एक टाका सैल झाला नाही, काय हात होता तुमचा. मावशींनी बहिणीकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"तिनं नाई विणला," मामी म्हणाली. "मधुकरनं विणला."

काकूंनी स्वतःचा पदर बाजूला करून आतल्या हिरव्या स्वेटरकडे पाहिलं. "आन हा?"

"तो बी."

मग मामी उठली आणि सगळ्यांना नीट दिसावं म्हणून पाठ करून उभी राहिली.